लीलावतीचा मोती आणि न भरलेली घटका : एका बिघाडाचा प्रकरण अभ्यास

लग्नाची वेळ जवळ आलेली. घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची वाटी तरंगतेय, तिच्या बुडाच्या बारीक भोकातून पाणी आत चढतंय. वाटी भरून बुडाली की मुहूर्त लागला. नवरी मुलगी कुतूहलानं वाकून बघते. अंगावरचा एक मोती निसटतो, वाटीत पडतो आणि घरंगळत भोकावर जाऊन बसतो. पाणी येणं थांबतं. मंडळी वाट पाहत राहतात, वाटी तरंगत राहते, मुहूर्त टळतो. मुलीचं नाव लीलावती, बापाचं नाव भास्कराचार्य.

ही कथा भास्कराचार्यांच्या कुठल्याही ग्रंथात नाही. ती येते फैजीच्या प्रस्तावनेत. अकबराच्या दरबारातल्या या कवीनं १५८७ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाचं फारसी भाषांतर केलं. मूळ ग्रंथ ११५० च्या सुमाराचा, म्हणजे मधे सव्वाचार शतकांहून जास्त काळ गेलेला. ग्रंथातली संबोधनं पाहिली तर कुठे ‘बाले’ आहे, कुठे ‘सखे’, कुठे ‘वत्स’. त्यावरून लीलावती ही मुलगीच होती असं ठामपणे म्हणता येत नाही. इतिहास म्हणून कथा लंगडीच आहे. पण ती सांगणाऱ्याला उपकरण नीट ठाऊक होतं. बिघाड कुठे होतो आणि तो कुणाला कळत का नाही, हे दोन्ही त्यानं बरोबर पकडलंय. म्हणून इथे ती यंत्राच्या बिघाडाची हकीकत म्हणून तपासू.

वाटी कशी असते

दिवस आणि रात्र मिळून ६० घटका, एका घटकेची ६० पळं, एका पळाची ६० विपळं. आजच्या हिशोबानं घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, विपळ ०.४ सेकंदाचं. ही तरंगती वाटी म्हणजे घटिकापात्र; ते एकदा भरून बुडालं की एक घटका. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग या भरण्यातूनच आलेला. आणि ज्या काशाच्या थाळीवर टोले पडत तिला ‘तास’ म्हणत. थाळीचं नाव पुढे साठ मिनिटांना चिकटलं.

आठव्या शतकातल्या लल्ल या ज्योतिषानं पात्राचं माप दिलंय: दहा पल तांबं, उंची सहा अंगुळं, तोंडाचा व्यास बारा अंगुळं, पोटात साठ पल पाणी मावेल असा अर्धगोल. भोक पाडायची सुईसुद्धा ठरलेली: सव्वातीन माषांहून किंचित जास्त सोन्याची, चार अंगुळं लांब. (इथला ‘पल’ वजनाचा, वेळेचा नव्हे. जुने ग्रंथ वाचताना इथे हमखास घोटाळा होतो.)

भास्कराचार्यांनी हे माप चक्क मोडीत काढलं. सिद्धान्तशिरोमणी या आपल्या ज्योतिषग्रंथाच्या यंत्राध्यायात ते घटिकापात्राला एकच श्लोक देतात. घटाच्या अर्ध्या भागासारखं तांब्याचं पात्र, बुडाशी मोठं भोक, बस्स. ते अहोरात्रात किती वेळा बुडतं ते मोजा आणि त्या संख्येनं अहोरात्राला भागा. येईल ते त्या पात्राचं माप. दहा पल तांब्याचं लक्षण करणं अवघड आहे आणि त्याला युक्तीचा आधार नाही, असा शेरा त्यांनी स्वतःच्या टीकेत मारलाय.

शेरा रास्त आहे. तांबट पत्रा ठोकतो तेव्हा बूड जाड राहतं, कड पातळ होते. वजन बरोबर जुळूनही पात्र पाण्यात वेगळं बसतं. पण सगळ्यात जास्त चुकतं ते भोकात. भरायला लागणारा वेळ भोकाच्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. समजा ६ सेंमी त्रिज्येचा अर्धगोल आहे, पत्रा पाऊण मिलिमीटरचा, वजन सुमारे १५० ग्रॅम. हा २४ मिनिटांत बुडायला हवा असेल तर भोक ०.९ मिमीच्या जरा वर लागतं. ०.९२ मिमीचं भोक घासून ०.९५ झालं की २४ मिनिटांची साडेबावीस होतात. मिलिमीटरच्या तीन शतांशांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, सुईलाही कळत नाही. तो फक्त दिवसभर मोजल्यावर दिसतो.

म्हणून पात्र बनवताना भोक मुद्दाम लहान ठेवायचं आणि मोजत मोजत वाढवायचं. भोक प्रमाणाबाहेर मोठं झालं तर कडेचं तांबं हलक्या हातोडीनं आत दाबून पुन्हा आवळता येतं. पात्र किंचित हळू चालत असेल तर भोकाला हात न लावता बुडाला थोडं कथील चढवावं. वजन वाढलं की पात्र खोल बसतं, बाहेरचं पाणी जास्त दाबानं आत येतं आणि वेळ कमी होतो.

भास्कराचार्यांच्या पद्धतीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दर वेळी बुडालेलं पात्र उचलून, उपडं करून, पुन्हा तरंगवायला तीन-चार सेकंद जातात. ६० वेळा ४ सेकंद म्हणजे ४ मिनिटं, दहा पळं. लल्लाच्या मापानं बनवलेलं निर्दोष पात्रसुद्धा हाताळणीपायी दिवसाला एवढं मागे पडणार. अहोरात्र मोजून माप काढलं की ही गळती आपोआप मापात धरली जाते. पात्र ६२ वेळा बुडालं तर एका बुडण्याचं माप ६० भागिले ६२, म्हणजे ५८ पळांना अगदी थोडं वर, सुमारे २३ मिनिटं १३ सेकंद. यात ओतण्याचा वेळ आला. मात्र मोजणी दुपार ते दुपार करावी, शंकूची, म्हणजे उभ्या रोवलेल्या खुंटीची, सावली सर्वांत आखूड झाली तिथपासून. सूर्योदय ते सूर्योदय मोजलं तर क्षितिजाच्या भानगडी मापात घुसतात.

लग्नघरची मांडणी

मुहूर्त सूर्योदयापासून इतक्या घटका, इतकी पळं असा काढलेला असतो. सूर्योदयाला पात्र पाण्यावर सोडायचं, प्रत्येक बुडण्याला भिंतीवर कुंकवाचं एक बोट उमटवायचं आणि शेवटची अपुरी घटका पळांत मोजायची. घंगाळ पात्रापेक्षा बरंच रुंद आणि खोल हवं. पात्र कडेला लागलं तर पाण्याच्या ताणानं तिथेच चिकटतं आणि तिरकं होतं. घंगाळ उथळ असलं तर भरत आलेलं पात्र तळाला टेकतं, भोकाखालची वाट अडते आणि वेळ लांबतो.

पहिला दोष मात्र पात्राबाहेरचा आहे. सूर्योदय नक्की कधी झाला? बिंबाची वरची कड दिसल्यापासून पूर्ण बिंब वर यायला आपल्याकडे दोन मिनिटांहून थोडं जास्त लागतं, म्हणजे पाच-सहा पळं. आधी बिंबाचा कुठला भाग धरायचा ते ठरवावं लागतं. आणि पूर्वेला डोंगर असेल तर सगळंच बिनसतं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला, डोंगराच्या कुशीत आहे. अशा ठिकाणी पूर्वेचा कडा क्षितिजापासून ५ अंश वर असला तर सूर्य दिसायला सुमारे २१ मिनिटं उशीर होतो. पात्र पाण्यावर ठेवण्याआधीच जवळजवळ एक घटका गेलेली.

आता चूक किती चालते ते पाहू. एक रास उगवायला सरासरी पाच घटका लागतात, लग्नाचा (इथे लग्न म्हणजे पूर्वेला उगवत असलेली रास) एक अंश सरकायला दहा पळं. मुहूर्त नवमांशावर, म्हणजे राशीच्या नवव्या हिश्शावर, बांधला असेल तर खिडकी तेहतीस पळांची, सव्वातेरा मिनिटांची. पाच-सहा पळांची चूक तीत सामावते. एक घटका चुकली की नवमांश हातचा गेला. कथेतल्या मुहूर्ताला असाच फटका बसला.

मोती भोकावर बसतो का?

इथे नीट थांबायला हवं, कारण पाणी या पात्रात वरून पडत नाही, खालून वर येतं. वाटीत पडलेल्या मोत्याला पाण्याचा दाब भोकातून वर ढकलत असतो. मोत्याचं पाण्यातलं वजन या रेट्यापेक्षा जास्त असलं तरच तो भोक बंद ठेवेल.

वरचंच पात्र घेऊ. सुरुवातीला ते रिकामं असताना सुमारे ३ सेंमी बुडालेलं असतं. भोक ०.९२ मिमीचं. तेवढ्या क्षेत्रावरचा रेटा होतो सुमारे २० मिलिग्रॅम वजनाइतका. पाणी चढत जातं तसा आतल्या-बाहेरच्या पातळीतला फरक घटतो, कारण वर वाटी रुंदावत जाते. शेवटी तो सव्वा सेंमी उरतो आणि रेटा ८ मिलिग्रॅमवर येतो.

मोत्याची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट. २ मिमीच्या मोत्याचं पाण्यातलं वजन ७ मिलिग्रॅम. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत भोकावर टिकणार नाही, बुडाशी थरथरत राहील आणि घटका थोडी लांबेल, एवढंच. ३ मिमीचा मोती २४ मिलिग्रॅमचा. तो एकदा बसला की उठत नाही. मजा अडीच मिमीच्या मोत्याची आहे. त्याचं वजन १४ मिलिग्रॅम भरतं. घटका नुकतीच सुरू झाली असताना पडला तर पाणी त्याला उचलून फेकतं. आत सव्वा-दीड सेंमी पाणी चढलं, फरक दोन सेंमीवर आला की मात्र तोच मोती भोकावर बसतो आणि तिथेच राहतो. मधल्या काळात वाटी सुरळीत भरतेय असंच बघणाऱ्याला दिसतं.

तेव्हा कथेतला मोती तीन मिलिमीटरचा किंवा त्याहून मोठा होता असं धरलं तर घटना शक्य आहे. अर्धगोल आकारही मोत्याला मदत करतो. कुठेही पडला तरी तो घरंगळत नेमका भोकापाशी येतो. सपाट बुडाच्या वाटीत तो कोपऱ्यात पडून राहिला असता.

पूर्ण बूच बसेलच असं मात्र नाही. भोक बाहेरून आत ठोकलेलं असेल तर आतल्या अंगाला तांब्याची खरखरीत कड उभी राहते. त्यावर मोती एका बाजूनं टेकतो, दुसऱ्या बाजूनं पाणी झिरपत राहतं. चौथाई प्रवाह चालू राहिला तर उरलेल्या घटकेचं प्रत्येक मिनिट चार मिनिटांचं होतं. पाण्याची पातळी वर सरकताना दिसते, म्हणून कुणी शंका घेत नाही. पूर्ण बुचापेक्षा हा प्रकार जास्त फसवा.

शंका येण्यासारखी एक खूण खरं तर पात्रातच असते, पण ती वाचणं वाटतं तितकं सोपं नाही. अर्धी घटका गेली म्हणजे पाणी अर्ध्या खोलीला असेल, हा समज चुकीचा. वरच्या पात्रात बारा मिनिटांनी आतलं पाणी सुमारे ३.३ सेंमी खोल असतं आणि बुडण्याच्या क्षणी पावणेपाच. खालचा निमुळता भाग भरभर भरतो, वरचा रुंद भाग सावकाश. त्यामुळे चांगलं चालणारं पात्रही शेवटी अडल्यासारखं वाटतं. अडलेलं पात्र आणि भरत आलेलं पात्र डोळ्यांना सारखंच दिसतं. आतल्या बाजूला पाव, अर्धा, पाऊण घटकेच्या रेघा, तेही प्रत्यक्ष मोजून, कोरलेल्या असतील तरच फरक कळतो.

मोत्याआधी पूजेकडे बघा

लग्नघरी घटिकापात्राची पूजा होते: हळद, कुंकू, अक्षता, फुलं. मोत्यापेक्षा या गोष्टींनीच घटका बिघडण्याची शक्यता कितीतरी जास्त. मोती वाटीत आतून पडतो, त्याला पाण्याचा रेटा विरोध करतो. घंगाळात पडलेली पाकळी पाण्याबरोबर ओढली जाऊन बाहेरून भोकाला चिकटते आणि तोच रेटा तिला दाबून धरतो. आतल्या अडथळ्याला पाणी हाकलतं, बाहेरच्याला जागेवर पक्कं करतं. तांदळाचा दाणा आत पडला तर त्याची फार भीती नाही. पाण्यात त्याचं वजन सहा-एक मिलिग्रॅम, आणि लांबट असल्यानं तो भोक बंदही करत नाही. पण भिजलेली हळद भोकाच्या कडेला थरानं बसते, आणि हे भोक अवघ्या एका मिलिमीटरचं आहे.

कडेला तेलाचा किंवा तुपाचा हात लागला तरी फरक पडतो. पाणी काठाशी आलं की लगेच आत शिरत नाही, काठावर फुगून थोडा वेळ थांबतं. कड किती स्वच्छ आहे त्यावर हा थांबा ठरतो. म्हणून मोजणीच्या वेळी जशी कड होती तशीच वापरताना हवी. थंडीच्या पहाटे पाणी दाट वाहतं, एवढ्या बारीक भोकातून ते जाणवतं, आणि घटका लांबते. पूस महिन्यातल्या लग्नासाठी चैत्रात मोजलेलं माप चालणार नाही, हे त्यामुळेच. (पुसात मुहूर्त फारसे नसतात ही त्यातल्या त्यात सोय.) भरीला पाण्यातला चुना आणि तांब्याचा कळंक. चिंचेनं घासलं की पात्र झळकतं, पण वर्षानुवर्षं घासून भोक वाढतं. सणाला पात्र घासलं की मोजणी पुन्हा करावी.

मांडणीत बदल करायचे तर तीनच पुरेत. पात्र आणि घंगाळावर पातळ फडक्याचं आच्छादन. पूजा वेगळ्या पात्राची, मोजणी वेगळ्या पात्रानं. आणि शेवटच्या दोन-तीन घटकांना दोन पात्रं दोन घंगाळांत एकदम सोडायची. दोन्हींत फरक पडला तर चूक कुठली ते कळत नाही, पण चूक आहे एवढं कळतं. कथेत नेमकं हेच कुणाला कळलं नाही.

मुहूर्त खरंच गेला होता का?

या प्रकरणातली सर्वांत खटकणारी बाब मोती नाही. भास्कराचार्यांसारखा माणूस घरात असताना एकाच पात्राकडे टक लावून बसणं खटकतं. ज्या यंत्राध्यायात घटिकापात्राला एक श्लोक मिळालाय, त्यातच शंकू, चक्र, चाप, त्यांनी स्वतः योजलेलं फलकयंत्र आणि साध्या काठीचं धीयंत्र आहे. ज्याच्याकडे बुद्धी आणि काठी आहे त्याला बाकी यंत्रांचं काय अडलंय, हा त्यांचा सूर.

मुहूर्त दिवसाचा असेल तर तपासणी सोपी. भिंतीवरची कुंकवाची बोटं शाबूत आहेत, म्हणजे पूर्ण झालेल्या घटका हातात आहेत. बिघडली ती फक्त चालू घटका. बारा अंगुळांचा शंकू सपाट, पाण्यानं समतल केलेल्या जमिनीवर ओळंब्यात उभा करायचा आणि सावली मोजायची. २० अंश अक्षांश, विषुवदिन, आणि सावली बरोबर बारा अंगुळं भरली असं धरू. सूर्य ४५ अंशांवर. गणित केलं की मध्यान्हाला ६ घटका ५२ पळं उरल्याचं निघतं. त्या दिवशी सूर्योदय ते मध्यान्ह १५ घटका, म्हणून सूर्योदयापासून गेल्या ८ घटका ८ पळं. भिंतीवर सातच बोटं असतील आणि पात्र अजून तरंगत असेल, तर बिघाड उघड झाला. या वेळी सावली मोजताना अंगुळाच्या दहाव्या हिश्शाची चूक झाली तरी वेळेत फरक तीनेक पळांचा, मिनिटभराचा. तेहतीस पळांच्या खिडकीला हे भरपूर झालं. शिवाय सावलीला सूर्योदय कधी दिसला याची पर्वा नसते, त्यामुळे पूर्वेच्या डोंगरानं घातलेला घोळही इथेच निस्तरतो. दुपारच्या आसपास मात्र ही युक्ती दुबळी पडते. तेव्हा सावलीची लांबी फार हळू बदलते आणि तीच चूक कितीतरी पळांना महाग पडते.

ढगाळ दिवशी किंवा गोरज मुहूर्ताला सावली नाही. तिथे उरते वाणी. साठ गुरू अक्षरं उच्चारायला लागणारा काळ म्हणजे एक पळ, ही जुनी व्याख्या आहे. सहा प्राणांचं म्हणजे सहा श्वासांचंही एक पळ होतं, पण लग्नघरी श्वासावर कुणी भरवसा ठेवू नये. पात्र सोडल्यापासून एका माणसानं पळं मोजत बसावं. साठ पळं होऊन गेली आणि वाटी वरच आहे, तर हात घालून बूड चाचपावं.

मोजायला श्लोकही तयार आहेत. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात असतात. या वृत्ताच्या एका चरणात अकरा गुरू आणि आठ लघू, म्हणजे तीस मात्रा. चार चरणांच्या एकशेवीस मात्रा, बरोबर साठ गुरू अक्षरांइतक्या. नुसत्या वाचनाच्या लयीत म्हटलं तर एक श्लोक एक पळ घेतो आणि आठ श्लोक आठ पळं, ३ मिनिटं १२ सेकंद. म्हणणारी आत्या सूर लावून, शेवटचा ‘सावधान’ लांबवत गायला लागली की हा हिशोब सोडून द्यावा आणि वाटीकडे बघावं.